बाबांसोबत अलाबामात चार दिवस

पहिला दिवस : अटलांटा, लाग्रेंज, माँटगोमेरी

एप्रिलच्या सुरुवातीला जॉर्जियात पाइनच्या झाडांचे पराग उडतात आणि अंगण, गाड्या, पायऱ्या सगळं पिवळं होऊन जातं. सकाळी सातला निघालो तेव्हा काचेवर हळद सांडल्यासारखा थर होता. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं, रुमालाला पुसलं आणि मागच्या सीटवर नातीशेजारी जाऊन बसले. "पुढे बसा ना," मी म्हटलं. "राहू दे, मले हिच्याशी बोलायचं आहे."

बाबा पंचाहत्तर वर्षांचे. नागपुरात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. लेक चौदाची, जन्मापासून अटलांटात वाढलेली. ह्या प्रवासाचं कारण जून २०२४ मधलं. रेव्हरंड जेम्स लॉसन पंचाण्णवव्या वर्षी गेल्याची बातमी मी वाचली आणि बाबांना पाठवली, कारण त्यात नागपूर होतं. रात्री त्यांचा फोन आला. "आमच्या हिस्लॉपमध्ये? मी चार वर्षं शिकलो तिथे. कोणी सांगितलं नाही कधी!"

कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून लॉसन वर्षभराहून जास्त तुरुंगात होते. सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरला आले, हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवत राहिले आणि गांधींच्या सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास करत राहिले. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्याच वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की माँटगोमेरी नावाच्या गावात कृष्णवर्णीयांनी बसमध्ये चढणं बंद केलंय. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत परतले. मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले आणि म्हणाले, थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि अहिंसक प्रतिकाराचे वर्ग घेऊ लागले. मार खाताना डोकं कसं झाकायचं, शिव्या ऐकून हात कसा आवरायचा, हे त्या वर्गांत शिकवलं जाई. त्या वर्गांतल्या पोरांमध्ये जॉन लुईस नावाचा एक मुलगा होता.

ज्या वर्षी लॉसन परतले, त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात धम्मदीक्षा झाली. बाबा तेव्हा सहा वर्षांचे, आजोबांच्या खांद्यावर. पांढऱ्या कपड्यांशिवाय त्यांना काही आठवत नाही. पण लॉसनची बातमी वाचल्यापासून ते एकच म्हणत होते, की ज्या गावाची बातमी आपल्या गावात वाचली गेली, ते गाव पाहायचं.

पंचाऐंशी नंबरच्या हायवेने तासाभरात लाग्रेंज आलं. पर्यटकाने थांबावं असं तिथे काही नाही. आम्ही थांबलो ते ऑस्टिन कॅलवेसाठी. सप्टेंबर १९४० मध्ये हा कोवळा कृष्णवर्णीय मुलगा, गोऱ्या बाईवर हल्ला केल्याच्या आरोपावरून, इथल्या कोठडीत होता. रात्री काही गोरे लोक बंदूक घेऊन आले, जेलरला दार उघडायला लावलं, त्याला गावाबाहेर नेलं आणि गोळ्या घालून रस्त्यात टाकलं. पोलिसांनी तपास केला नाही. कोणाला अटक झाली नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं गाव गप्प राहिलं.

मग एक दिवस पोलीस ठाण्यात लावलेले जुने फोटो पाहत दोन म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाया उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, ह्यांनीच आपली माणसं मारली. ते एका अधिकाऱ्याच्या कानावर पडलं, त्याने पोलीसप्रमुखांना सांगितलं. लुईस डेकमार हे गोरे गृहस्थ तेव्हा प्रमुख होते. त्यांनी जुनी कागदपत्रं शोधली, तर सापडण्यासारखं जवळपास काही नव्हतंच. २६ जानेवारी २०१७ ला वॉरन टेंपल चर्चमध्ये, लोकांनी भरलेल्या सभागृहात उभं राहून त्यांनी आपल्या खात्याच्या वतीने माफी मागितली. महापौरही सोबत होते. डेकमार तेव्हा जन्मलेलेही नव्हते. पण ते ज्या खात्याचा गणवेश घालत होते, ते खातं तेव्हा होतं.

आम्ही चर्चसमोर उभे राहिलो. आठवड्याचा मधला दिवस, दार बंद, आवारात कोणी नाही. बाबांनी दोन्ही हात मागे बांधले होते. "तारीख काय सांगितली तू?"

"सव्वीस जानेवारी दोन हजार सतरा."

ते काहीच बोलले नाहीत. गाडीत बसल्यावरही नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी रात्री कळलं.

अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ तासभर मागे जातं. दुपारी माँटगोमेरीत पोचलो, सामान टाकलं आणि सरळ कोर्ट स्क्वेअरला गेलो. मधोमध कारंजं आहे. एकेकाळी इथे माणसांचा बाजार भरायचा. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स इथूनच बसमध्ये चढल्या, गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठायला त्यांनी नकार दिला आणि बसवरच्या बहिष्काराला तोंड फुटलं. आता तिथे त्यांचा पुतळा आहे, २०१९ मध्ये बसवलेला. पुतळा जमिनीच्या पातळीवरच आहे, चौथरा नाही, त्यामुळे लेक जाऊन त्यांच्या शेजारी सहज उभी राहिली. उंचीला सारखीच वाटली.

कारंज्यापासून डेक्स्टर ॲव्हेन्यू चढत जातो. टोकाला राज्याचं पांढरंशुभ्र कॅपिटॉल. तिथल्या पायऱ्यांवर १८६१ मध्ये जेफरसन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. आणि त्याच कॅपिटॉलच्या उंबऱ्यात, रस्त्याच्या खालच्या अंगाला, लाल विटांचं छोटंसं डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्च. १९५४ ते १९६० किंग इथले पाद्री होते. दोन्ही वास्तू एका नजरेत मावतात. बाबा चर्चच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ कॅपिटॉलकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर जागी आहे."

दुसरा दिवस : माँटगोमेरी

सकाळी नऊलाच टेकडीवरच्या स्मारकाकडे. 'नॅशनल मेमोरियल फॉर पीस अँड जस्टिस' हे त्याचं नाव. ब्रायन स्टीव्हन्सन ह्या वकिलाच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' संस्थेने २०१८ मध्ये उभारलं. १८७७ ते १९५० ह्या काळात झुंडीने मारलेल्या चार हजार चारशेहून जास्त कृष्णवर्णीयांची नोंद ह्या संस्थेने जमवली आहे. ज्या ज्या काउंटीत असं घडलं, त्या प्रत्येकीसाठी इथे माणसाच्या उंचीचा एकेक पोलादी खांब आहे. आठशेहून जास्त खांब.

आत शिरलं की खांब तुमच्यासमोर उभे असतात, डोळ्यांच्या पातळीवर नावं. वळण घेतलं की पायाखालची फळ्यांची जमीन हळूहळू उतरू लागते, पण खांब आपल्या जागीच राहतात. पोलाद गंजून तांबूस-काळं झालंय, पावसाचे ओघळ उतरलेत. पुढे पुढे नावं वाचायला मान वर करावी लागते, आणि मग एका वळणानंतर लक्षात येतं, की आपण टांगलेल्या गोष्टींच्या खाली उभे आहोत. कोणी सांगावं लागत नाही. लेकीने माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

भिंतीवर छोट्या पाट्या आहेत, एकेका ओळीच्या. कोणाला कशासाठी मारलं. जेसी थॉर्नटन, लुव्हर्न, अलाबामा, १९४० : गोऱ्या पोलिसाला 'मिस्टर' न म्हणता हाक मारली म्हणून. एलिझाबेथ लॉरेन्स, बर्मिंगहॅम, १९३३ : दगड मारणाऱ्या गोऱ्या पोरांना रागावली म्हणून. मेरी टर्नर, जॉर्जिया, १९१८ : नवऱ्याला मारलं ह्याबद्दल तक्रार केली म्हणून, तीही पोटुशी असताना. बाबा एकेक पाटी वाचत होते आणि हळू आवाजात मराठीत म्हणत होते. 'मिस्टर' म्हटलं नाही म्हणून. रागावली म्हणून. मला ते 'म्हणून' अजून ऐकू येतं. जोहार न घातल्याबद्दल, मिशीला पीळ दिल्याबद्दल, घोड्यावरून वरात काढल्याबद्दल आपल्याकडे जे झालं आणि होतं, ते बाबांना शिकवावं लागलेलं नाही.

आमची फुल्टन काउंटी शोधली. ज्या शहरात मी वीस वर्षं नोकरी केली, जिथे घर घेतलं, तिथल्या खांबावर खालपर्यंत नावं होती. सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटात गोऱ्यांच्या झुंडीने केलेल्या हत्याकांडातले लोकही त्यात. "हे आपल्या शाळेत शिकवलं नाही," लेक म्हणाली. मी तरी कुठे वाचलं होतं?

बाहेर मोकळ्या आवारात अशाच खांबांच्या दुसऱ्या प्रती आडव्या ठेवल्या आहेत, शवपेट्यांसारख्या ओळीने. कल्पना अशी, की प्रत्येक काउंटीने आपला खांब मागावा, घरी न्यावा, आपल्या चौकात उभा करावा. त्यासाठी आधी गावात काम करावं लागतं. लोकांना एकत्र बसवावं लागतं, घटना जिथे घडली तिथे पाटी लावावी लागते, माती गोळा करावी लागते.

ती माती दुपारी म्युझियममध्ये पाहिली. तेही ह्याच संस्थेचं. ज्या जागेवर कापसाचं गोदाम होतं आणि गुलामांकडून काम करून घेतलं जाई, तिथेच ते उभं आहे. आत फोटो काढू देत नाहीत, ते फार चांगलं. एका दालनात फळ्यांवर मोठाल्या काचेच्या बरण्या रचल्या आहेत. लोणच्याच्या बरणीएवढ्या, शेकड्यांनी. प्रत्येकीवर नाव, गाव, तारीख. ज्याला मारलं त्याच्या गावचे लोक, कधी त्याचे नातेवाईक, कधी शेजारचे गोरे, त्या जागी जातात, खुरप्याने माती उकरतात आणि बरणीत भरतात. लाल, विटकरी, काळी, रेताड, राखेसारखी माती. एकीत वाळकं मूळ अडकलेलं होतं. काहींवर नावाच्या जागी नुसतं 'अज्ञात'.

एका बरणीसमोर बाबा थांबले ते थांबलेच. तिच्यातली माती काळी होती, कापसाची. विदर्भातली म्हणून दाखवली असती तरी मी मानली असती. मी जवळ गेले तर त्यांनी हाताने थोपवलं.

संध्याकाळी साऊथ जॅक्सन स्ट्रीटवरच्या ३०९ नंबरच्या घरी गेलो. पांढरं, लाकडी, व्हरांड्याचं. किंग कुटुंब इथे राहायचं. ३० जानेवारी १९५६ ला ह्या व्हरांड्यावर बॉम्ब टाकला. आत कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. फरशीवर खळगा अजून आहे, लेकीने त्यात तळवा ठेवून पाहिला. त्याच्या तीन रात्री आधी, धमकीचा फोन आल्यावर झोप उडालेले किंग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते आणि आपल्याच्याने हे होणार नाही असं देवाला सांगत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तो तरुण. टेबल छोटंसंच, चौघं बसतील एवढं. दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की ह्या आंदोलनाचं पोट स्वयंपाकघरांनी भरलं. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण साक्ष दिल्यावर नोकरीतून गेली. ती आणि तिच्या मैत्रिणी चिकन, सँडविच, केक, पाय करून विकत आणि पैसे सभेत आणून देत. कोणी दिले विचारलं तर उत्तर ठरलेलं : कुठून नाही. म्हणून त्यांच्या मंडळाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायांची नावं बाहेर आली असती तर चूल विझली असती. ३८१ दिवस लोक बसशिवाय राहिले, कोणी चालत, कोणी गाड्यांतून, ते त्या केकच्या पेट्रोलवर. गाड्या आपापल्या, वाटून घेतलेल्या. आणि त्यांना पेट्रोल लागतंच.

रोझा पार्क्सच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी बसमध्ये अशीच जागेवरून उठली नव्हती. तिला फरफटत उतरवलं. तिच्या आणि आणखी तिघींच्या खटल्यावरच शेवटी बसमधला भेदभाव कायद्याने गेला. तिच्यावरचा तो गुन्ह्याचा शिक्का पुसायला मात्र २०२१ उजाडलं. ती तेव्हा ब्याऐंशीची होती. तिचे वकील फ्रेड ग्रे. ते ज्या रस्त्यावर वाढले तो जेफरसन डेव्हिसच्या नावाचा होता. शहराने त्याच वर्षी त्याला ग्रे यांचं नाव दिलं, तर जुन्या स्मारकांना हात लावायचा नाही ह्या राज्याच्या कायद्याखाली पंचवीस हजार डॉलर दंड झाला. नाव मात्र तेच राहिलं. आम्ही मुद्दाम त्या रस्त्यावरून गाडी नेली.

जेवायला कॅटफिश, कॉलर्डची पालेभाजी आणि मक्याचा ब्रेड. बाबा नीट जेवले नाहीत. खोलीवर आल्यावर म्हणाले, "भैयालाल भोतमांगे वीस जानेवारीले गेला. दोन हजार सतरा. तुझ्या त्या पोलिसाने माफी मागितली त्याच्या सहा दिवस आधी. आपल्याच गावात, नागपुरात."

लेकीने विचारलं, "हू इज ही? कोण आहेत ते?"

मी बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आमच्या घरात हे नाव मी तिच्यासमोर काढलं नव्हतं. ते तिला सांगायला हवं होतं ते मी. लहान आहे, परक्या देशात आहे, कशाला भरवायचं डोक्यात, असं मी स्वतःला समजावत आले. बाबांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं. भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. सुरेखाबाई, प्रियंका, रोशन, सुधीर. आई आणि तीन लेकरं, घरातून ओढून गावाने मारलेली. एकटे भैयालाल वाचले. न्यायालयाने माणसांना शिक्षा दिली, पण जातीवरून मारलं हे मान्य केलं नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झालाच नाही. बाबा त्या वर्षी मोर्चात होते, हे मला माहीत होतं. घरी येऊन ते दोन दिवस बोलले नव्हते, हेही. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं, वर्गात शिकवल्यासारखं. लेक मध्येच उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

तिसरा दिवस : सेल्मा

निघताना वाटेत रिप्ली स्ट्रीटवरचं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च बाहेरून पाहिलं. जळाल्यावर सदस्यांनी रोज एकेक वीट आणून बांधलं, म्हणून 'ब्रिक-अ-डे' चर्च. मे १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्स, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला एकत्र निघालेले कृष्णवर्णीय आणि गोरे प्रवासी, माँटगोमेरीच्या बसस्थानकात उतरले तेव्हा पोलीस गायब होते. झुंडीने त्यांना मनसोक्त मारलं, जॉन लुईस बेशुद्ध पडले. दुसऱ्या दिवशी ह्या चर्चला झुंडीने रात्रभर वेढा घातला. आणि २०१३ मध्ये ह्याच चर्चमध्ये माँटगोमेरीचे तेव्हाचे पोलीसप्रमुख केव्हिन मर्फी यांनी लुईस यांची माफी मागितली आणि छातीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. लुईस यांना आयुष्यात चाळीसेक वेळा अटक झाली होती. माफी मागणारा पोलीसप्रमुख तो पहिलाच.

ऐंशी नंबरच्या हायवेने सेल्मा पन्नास मैल. १९६५ मध्ये लोक हेच अंतर उलट दिशेने पाच दिवस चालले. दोन्हीकडे गवताळ रानं, गुरं, मध्येच झाडांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. लाउन्स काउंटीत एक ठिकाण आहे, जिथे मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी हाकललेली कुळं तंबू ठोकून राहिली. काही दोन-दोन वर्षं. बाबा तिथे उतरले आणि रानाकडे बघून म्हणाले, "वाळीत टाकणं."

सेल्मात पोचलो आणि आधी वाईटच वाटलं. मुख्य रस्त्यावर दुकानंच्या दुकानं बंद, काचांवर फळ्या. जानेवारी २०२३ चं टोर्नेडो वादळ गावावरून गेलं, त्यात पडलेली घरं अजून तशीच दिसतात. जगभरातले पुढारी मार्चमध्ये इथे येऊन पुलावर फोटो काढून जातात, आणि गाव असं. स्मरणाचा उत्सव करायचा आणि ज्यांचं स्मरण करतो त्यांच्या नातवंडांच्या छपराकडे पाहायचं नाही, हे मला पटत नाही. जखम भरणं म्हणतात त्यात छप्परही येतं.

पूल कमानीचा आहे, पोलादी, १९४० मधला. चढताना पलीकडचं काही दिसत नाही. माथ्यावर आल्यावरच खालचा रस्ता समोर येतो. ७ मार्च १९६५ ला जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्यामागे दोन-दोनच्या रांगेत चालणारे सहाशे लोक ह्या माथ्यावर आले आणि तेव्हा त्यांना दिसले रस्ताभर उभे राहिलेले पोलीस, काही घोड्यांवर. लुईस पंचवीस वर्षांचे होते, पाठीवर पिशवी, तुरुंगात लागतील म्हणून तिच्यात पुस्तकं, फळं, टूथब्रश. मागणी एवढीच होती, की मतदार म्हणून नाव नोंदवू द्या. ह्या काउंटीत निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि मतदारयादीत शंभरातले जेमतेम दोघं. लाठ्या, अश्रुधूर, घोडे. लुईस यांची कवटी फुटली. त्या रात्री देशाने ते टीव्हीवर पाहिलं आणि ऑगस्टमध्ये मतदानहक्काचा कायदा झाला.

पुलावर एक आजी भेटल्या, टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या. तेव्हा मोर्चात चाललेल्या सामान्य लोकांना इथे 'फूट सोल्जर' म्हणतात. त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. बाबांनी मला मध्ये घालून विचारलं, की पुलाला अजून एडमंड पेटसचंच नाव कसं? तो गुलामगिरीवाल्यांचा सेनापती, आणि नंतर कू क्लक्स क्लॅन ह्या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून त्याचं नाव घेतात. आजी म्हणाल्या, राहू द्या त्याचं नाव. आम्ही त्याच्या डोक्यावरून चाललो. सगळ्यांचं मत असं नाही, पण खुद्द लुईस यांनीही २०१५ मध्ये नाव बदलू नका असंच लिहिलं होतं.

मग आजींनी विचारलं, हे कुठले? नागपूर म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही. बाबांनी स्वतःच, शाळामास्तरच्या इंग्रजीत, सावकाश सांगितलं. "मिस्टर लॉसन. ही वॉज इन माय कॉलेज." आजींनी डोळे मोठे केले. "जिम लॉसन? जॉनला त्यांनीच शिकवलं!" आणि खुर्चीवरून उठून त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. मी बाबांना रडताना माझी आजी वारली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर कालही नाही, आज.

आम्ही तिघं पूल चाललो, बाबा कठड्याला धरून. जुलै २०२० मध्ये लुईस यांची शवपेटी घोड्याच्या गाडीतून ह्याच पुलावरून शेवटची गेली, तेव्हा रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्या अंथरल्या होत्या. खाली अलाबामा नदी, गढूळ, संथ. वैनगंगेसारखी, बाबा म्हणाले.

चौथा दिवस : बर्मिंगहॅम, ॲनिस्टन, घर

केली इनग्रम पार्कमधून पायवाट जाते तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून धातूचे कुत्रे झेप घेतात. मधूनच जावं लागतं. मे १९६३ मध्ये इथे शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले होते. लेक एकटी त्यातून गेली आणि परत आली.

समोरच सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १०:२२. तळघरात मुली कपडे नीट करत होत्या, तेव्हा बॉम्बस्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघी चौदाच्या. डेनिस मॅकनेअर अकराची. चौघी गेल्या. त्या दिवशीच्या धड्याचं नाव होतं, क्षमा करणारं प्रेम. तीन मारेकऱ्यांना शिक्षा झाली ती १९७७, २००१ आणि २००२ मध्ये. ॲडीची बहीण सारा वाचली, एक डोळा गेला. २०२० मध्ये राज्यपालांनी तिला पत्राने माफी कळवली. तिने भरपाई मागितली होती, ती मिळाली नाही. लाग्रेंजची माफी मला मोठी वाटली होती. साराची गोष्ट ऐकल्यावर वाटलं, माफीनंतर काय, हा प्रश्न विचारायचा हक्क ज्याचा डोळा गेला त्याचाच आहे.

चर्चच्या वरच्या मजल्यावर एक निळी काच आहे. हजारो मैलांवरच्या वेल्समधल्या जॉन पेट्स नावाच्या कलावंताने स्फोटाची बातमी ऐकली आणि चर्चला खिडकी द्यायचं ठरवलं. तिथल्या वर्तमानपत्राने वर्गणी काढली आणि अट घातली, की कोणी अडीच शिलिंगांहून जास्त द्यायचं नाही. एखाद्या श्रीमंताने सगळी खिडकी देऊन टाकू नये, सगळ्या वेल्सने द्यावी म्हणून. पोरांनी खाऊचे पैसे दिले. काचेत हात पसरलेला कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. एक तळवा ढकलतोय, दुसरा उघडा आहे. दुपारचं ऊन येत होतं आणि बाकांवर निळा पट्टा पडला होता. बाबा सरकत सरकत त्या पट्ट्यात जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर ॲनिस्टनजवळ आडरस्त्याला लागलो. १४ मे १९६१ ला फ्रीडम रायडर्सची बस इथे जाळली, दारं बाहेरून दाबून धरून. बाहेर पडलेले लोक धुराने गवतात लोळत, पाणी पाणी करत होते. जवळच एका गोऱ्या कुटुंबाचं किराणा दुकान होतं. त्या घरातली बारा वर्षांची मुलगी, जेनी फोर्साइथ, गर्दीतून बादली आणि पेले घेऊन आली आणि एकेकाला पाणी पाजलं. आसपास सगळे तिचे ओळखीचे, शेजारी, उभे होते.

बाबांनी हे दोनदा सांगायला लावलं. "पेल्यातून दिलं?"

"हो."

"त्यांच्या हातात?"

"हो, बाबा."

"चवदार तळ्याच्या वेळी ती असती तर," एवढंच ते म्हणाले आणि रस्त्याकडेच्या गवतात थोडं चालून आले. पँटच्या टोकांना पुन्हा पिवळे पराग.

अटलांटा दीड तासावर राहिलं तेव्हा अंधार पडला. मागे दोघं यादी करत होते. डिसेंबरात आम्ही नागपूरला जाणार आहोत. पहिलं हिस्लॉप, मग दीक्षाभूमी. लेक फोनवर टाइप करत होती.

"तिसरं?"

"खैरलांजी," बाबा म्हणाले.

मला आरशात तिचा चेहरा दिसत होता, फोनच्या उजेडात. "मराठीत कसं लिहायचं आजोबा?"

"ख ले दोन मात्रे," बाबा म्हणाले. "मग र. मग ला, त्यावर टिंब. मग ज, दुसरी वेलांटी. वाच आता."

तिने वाचलं.